पंपाला हळू, पावडरीला जोरात

दिवाळी आटोपली की कारध्याच्या शिवारात धानाच्या मळणीची घाई सुरू होते. वैनगंगेच्या या काठाला कारधा, पलीकडे भंडारा शहर आणि मध्ये ब्रिटिशकालीन जुना पूल. पहाटे नदीवर धुके उतरलेले असते, बांध्यांत कडपा सुकत असतात, पुंजणे रचलेले असतात. थ्रेशर सुरू झाले की तणसाची आणि तुसाची बारीक धूळ त्या थंड, जड हवेत बराच वेळ तरंगत राहते. ज्यांना दमा आहे त्यांना हे दिवस छातीतच कळतात. रात्री दोन-तीन वाजता उठवणारा खोकला, श्वास सोडताना येणारा शिट्टीसारखा आवाज आणि उशी पाठीशी घेऊन बसून काढलेली रात्र.

धूळ हे एकच कारण नाही. चुलीचा धूर, विडी वळताना उडणारी तंबाखूची भुकटी, पावसाळ्यात भिंतींना धरणारी ओल, थंड हवा, साधी सर्दी, यांपैकी कशानेही दम्याचा त्रास उसळू शकतो. ऑगस्ट २०२० मध्ये वैनगंगेला महापूर आला आणि नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. असे पाणी ओसरल्यावर घरात मागे राहते ती ओल आणि बुरशी. दम्याच्या रुग्णाला ती पुढे कित्येक दिवस त्रास देत राहते.

अशा अनेक घरांत आज इनहेलर असतो. कधी फळीवर, कधी उशाखाली आणि सोयरिकीची माणसे येणार असतील तर कपाटात. पण औषध घरात असणे आणि ते फुप्फुसात पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इनहेलर कसा वापरला जातो, यावर चाळीस वर्षांत जगभर झालेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये ‘चेस्ट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ५४ हजारांहून अधिक लोकांची नोंद असलेल्या या आढाव्यात इनहेलर अचूक वापरणारे निघाले फक्त ३१ टक्के. तितक्याच, म्हणजे ३१ टक्के लोकांची पद्धत सरळ चुकीची होती. त्याहून वाईट गोष्ट अशी की चाळीस वर्षांत या आकड्यांत सुधारणा झालेली दिसली नाही. औषधे बदलली, उपकरणे बदलली, चुका मात्र तशाच राहिल्या.

गोळीपेक्षा पंप सौम्य

दम्यात श्वासनलिकांना आतून सूज येते, त्यांच्याभोवतीचे स्नायू आवळतात आणि आत चिकट कफ साचतो. वाट अरुंद होते. आत गेलेली हवा बाहेर पडायला अडचण होते, म्हणून शिट्टी वाजते.

यावरची औषधे ढोबळपणे दोन प्रकारची. पहिले तातडीने आराम देणारे, म्हणजे साल्ब्युटामॉल किंवा लेव्होसाल्ब्युटामॉल. ते आवळलेले स्नायू सैल करते, काही मिनिटांत वाट मोकळी होते आणि परिणाम साधारण चार ते सहा तास टिकतो. दुसरे आजार ताब्यात ठेवणारे, म्हणजे ब्युडेसोनाइड, फ्लुटिकासोन, बेक्लोमेथासोन यांसारखी श्वासावाटे घ्यायची स्टेरॉइड्स. ती सूज उतरवतात. त्यांचा गुण लगेच जाणवत नाही, दिवसागणिक येतो. काही इनहेलरमध्ये ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असते. फॉर्मोटेरॉल लवकर काम करते, त्यामुळे असा एकच इनहेलर काही रुग्णांना रोजच्या उपचारासाठीही आणि त्रास झाल्यावरही दिला जातो.

‘पंप लागला की सुटत नाही’, ‘पंप म्हणजे शेवटचा उपाय’ असे गावोगाव ऐकू येते. हिशेब उलटा आहे. साल्ब्युटामॉलची एक गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे ४,००० मायक्रोग्रॅमची असते. पंपाच्या एका फवाऱ्यात ते असते १०० मायक्रोग्रॅम. एका गोळीत चाळीस फवाऱ्यांचे औषध. गोळी पोटात जाते, रक्तात मिसळते, सगळ्या शरीरभर फिरते आणि मग थोडी छातीपर्यंत येते. म्हणूनच हात थरथरतात, छातीत धडधडते. फवारा थेट जिथे हवा तिथे जातो. इनहेलरची सवय लागत नाही. दमा हा आजारच लांब पल्ल्याचा असतो, म्हणून औषधही लांब पल्ल्याचे असते.

पहिला प्रकार : पंप

कोपऱ्यात वाकलेला प्लास्टिकचा खोका आणि त्यात धातूची छोटी डबी, हा सर्वांच्या ओळखीचा पंप. डॉक्टर त्याला मीटर्ड डोस इनहेलर म्हणतात, कारण प्रत्येक दाबाला तो ठरावीक मापाचे औषध सोडतो. तो बाजारात आला १९५६ मध्ये, अमेरिकेत. त्याआधी रबरी फुगा दाबून काचेच्या उपकरणातून औषध घ्यावे लागे. रायकर लॅबोरेटरीज या कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या मुलीला दमा होता. केसांवर मारायच्या फवाऱ्यासारखे माझे औषध डबीत का मिळत नाही, असे तिने वडिलांना विचारले आणि त्या प्रश्नातून आजचा पंप निघाला. भारतात मुंबईच्या सिप्ला कंपनीने १९७० च्या दशकात दम्याचे असे फवारे बाजारात आणले.

पंपात औषधाबरोबर दाबाखालचा वायू असतो. दाबले की फवारा अतिशय वेगाने सुटतो. जोरात श्वास ओढला तर हा वेग आणखी वाढतो आणि औषध घशाच्या मागच्या भिंतीवर आदळून तिथेच चिकटते. म्हणून पंपाचा पहिला नियम : श्वास हळू आणि खोल.

टोपण काढून तोंडाच्या भागात काही अडकले नाही ना, हे पाहावे. पंप चांगला हलवावा. नवीन किंवा बरेच दिवस न वापरलेला असेल तर सोबतच्या कागदावर सांगितले असतील तितके फवारे आधी हवेत सोडावेत. ताठ बसावे किंवा उभे राहावे आणि श्वास हळूच पूर्ण सोडावा. पंप दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटावेत, जीभ खाली ठेवावी. हळू श्वास घ्यायला सुरुवात करावी आणि सुरुवात होताच डबी एकदाच दाबावी. दाबल्यावर थांबू नये, तोच श्वास आणखी तीन ते पाच सेकंद हळूहळू ओढत राहावा. मग पंप काढून ओठ मिटून मनात दहा आकडे मोजेपर्यंत श्वास रोखावा. दुसरा फवारा घ्यायचा असेल तर अर्धा-एक मिनिट थांबून, पुन्हा हलवून, पहिल्यापासून सगळे करावे.

दाबणे आणि ओढणे यांचा मेळ बसणे हीच पंपातील अवघड गोष्ट. आधी दाबले तर औषध तोंडात, उशिरा दाबले तर श्वास संपलेला. फवारा घेतल्यावर नाकातोंडातून पांढरी वाफ बाहेर येताना दिसली तर औषध वाया गेले असे समजावे. श्वास ओढला की आपोआप फवारा सुटणारे पंपही मिळतात. मेळ न बसणाऱ्यांची त्यांनी सोय होते.

स्पेसर : पंपाचा सोबती

मेळ बसत नसेल, रुग्ण लहान मूल असेल किंवा वय झालेले असेल, तर उपाय आहे स्पेसर. पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसणारी ही प्लास्टिकची पोकळ नळी किंवा फुगीर डबा. फवारा आधी त्यात साठतो, त्याचा वेग कमी होतो, मोठे कण आतच चिकटतात आणि बारीक कण श्वासाबरोबर जातात. कण साधारण एक ते पाच मायक्रॉनचे असतील तरच ते खोलवर जातात. माणसाचा केस याच्या कितीतरी पट जाड असतो. स्टेरॉइडचा पंप स्पेसरमधून घेतला की घशात साठणारे औषधही कमी होते.

पंप हलवून स्पेसरला लावावा, एकच फवारा सोडावा आणि लगेच एक हळू, खोल श्वास घेऊन रोखावा. ते जमत नसेल तर पाच-सहा साधे श्वास स्पेसरमधूनच घ्यावेत. दोन-चार फवारे एकदम भरून ठेवू नयेत. ते एकमेकांत आणि भिंतींवर चिकटतात. लहान मुलांसाठी मास्क असलेला स्पेसर घ्यावा आणि मास्क नाकातोंडावर घट्ट बसवावा. रडत्या मुलाच्या छातीत औषध फार कमी पोहोचते. त्याला मांडीवर घेऊन, समजावून, खेळाप्रमाणे सवय लावली तर काम सोपे होते.

स्पेसर आठवड्यातून एकदा भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढावा आणि तसाच हवेत सुकू द्यावा. कापडाने पुसू नये. घासल्याने प्लास्टिकवर विद्युतभार तयार होतो आणि औषध भिंतीकडे ओढले जाते.

स्पेसर हाताशी नसेल तर काय करता येते, हे दक्षिण आफ्रिकेतील केप टाउनच्या डॉक्टरांनी दाखवले. हेदर झार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्ध्या लिटरची रिकामी प्लास्टिकची बाटली घेतली, तिच्या बुडाला पंपाचे तोंड नेमके बसेल एवढे भोक पाडले आणि दम्याचा झटका आलेल्या मुलांना तिच्यातून औषध दिले. नेहमीच्या स्पेसरइतकाच गुण आल्याचे त्यांनी १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. बाटलीचे तोंड मुलाच्या तोंडात, पंप बुडाला, मध्ये फट नाही. विकतचा स्पेसर केव्हाही बरा, पण रात्री नदी ओलांडून दवाखान्यात पोहोचेपर्यंत ही बाटलीही उपयोगी पडू शकते.

दुसरा प्रकार : पावडरचा इनहेलर

रोटाहेलर, रिव्होलायझर, ल्युपिहेलर ही नावे औषधाच्या दुकानात रोज ऐकू येतात. यांत वायू नसतो, दाबायची डबी नसते. कॅप्सूलमध्ये कोरडी भुकटी असते. औषधाचे बारीक कण साखरेच्या, म्हणजे लॅक्टोजच्या, मोठ्या कणांना चिकटलेले असतात. ते सुटे करण्याची सगळी ताकद रुग्णाच्या श्वासातून यावी लागते. म्हणून इथे नियम नेमका उलटा : श्वास सुरुवातीपासूनच जोरात आणि खोल.

सगळ्यात आधी एक गोष्ट. ही कॅप्सूल गिळायची नाही. दिसायला ती पोटात घ्यायच्या कॅप्सूलसारखीच असते, त्यामुळे पाण्याबरोबर गिळणारे रुग्ण डॉक्टरांना आजही भेटतात. महिनाभर ‘औषध’ घेऊनही दम जात नाही तेव्हा ही चूक उघड होते.

हात कोरडे असावेत. कॅप्सूल वापरायच्या वेळीच बाटलीतून काढावी आणि बाटलीचे झाकण लगेच घट्ट लावावे. पावसाळ्यातल्या दमट हवेत भुकटीच्या गाठी होतात. रोटाहेलरमध्ये कॅप्सूलचे पारदर्शक टोक खाली येईल अशी ती चौकोनी भोकात दाबून बसवावी आणि खालचा भाग फिरवावा म्हणजे कॅप्सूल उघडते. काही उपकरणांत झाकण बंद केले की सुईने कॅप्सूलला भोक पडते. श्वास उपकरणापासून तोंड बाजूला करून सोडावा. आत फुंकर घातली तर भुकटी उडते आणि ओलही जाते. मग ओठ घट्ट लावून एका दमात जोराने ओढावे, दहा सेकंद रोखावे. उघडून पाहावे. भुकटी शिल्लक असेल तर त्याच कॅप्सूलमधून पुन्हा ओढावे. रिकामे तुकडे काढून टाकावेत.

काही पावडर इनहेलरमध्ये महिन्याभराचे डोस आतच भरलेले असतात, कळ सरकवली की पुढचा डोस तयार होतो. तिथेही श्वास जोराचाच लागतो. पाच-सहा वर्षांखालील मुलांना तेवढा जोर लावता येत नाही. झटका तीव्र असेल तर मोठ्यांनाही तो जमत नाही. अशा वेळी पंप आणि स्पेसर हेच भरवशाचे.

मोठी गल्लत इथेच होते. एका महिन्यात पंप मिळतो, दुसऱ्या महिन्यात तो नसतो म्हणून कॅप्सूल मिळते. किंवा घरात दोन्ही असतात. औषधाचे नावही कधी तेच असते. रुग्ण मात्र एकाच सवयीचा श्वास दोन्हींना लावतो. पंप जोरात ओढला की औषध घशात, पावडर हळू ओढली की औषध कॅप्सूलमध्ये. दोन्ही वेळा वाटते की औषधाला गुण नाही. मग डोस वाढतो, औषध बदलते, गोळ्या सुरू होतात. श्वास तेवढा बदलत नाही.

नेब्युलायझर म्हणजे जास्त ताकद नव्हे

‘मशीनची वाफ’ घेतली तरच बरे वाटते, असे अनेकांना वाटते. नेब्युलायझर पातळ औषधाचे बारीक तुषार करतो. मास्क लावून साधा श्वास घेतला तरी चालते, हा त्याचा फायदा. पण सौम्य आणि मध्यम झटक्यात पंप आणि स्पेसरमधून दिलेले औषध त्याच्याइतकेच काम करते, हे मुलांवर आणि मोठ्यांवर झालेल्या अभ्यासांतून दिसले आहे. त्यासाठी वीज लागत नाही आणि ते खिशातून नेता येते. मशीन घरी असेल तर त्याची वाटी आणि मास्क वापरानंतर धुऊन सुकवणे गरजेचे, नाहीतर जंतूही श्वासात जातात.

आराम देणाऱ्या पंपाचा हिशेब

आराम देणारा पंप लगेच गुण देतो, म्हणून तोच जवळचा वाटतो. स्टेरॉइडचा पंप ‘घेऊन काही वाटत नाही’ म्हणून बाजूला पडतो. यातच खरा धोका आहे. वाट सैल होते, सूज मात्र आत वाढत राहते. ब्रिटनमध्ये दम्याने झालेल्या मृत्यूंची तपासणी करणारा अहवाल २०१४ मध्ये आला. आराम देणाऱ्या इनहेलरची संख्या माहीत असलेल्या १६५ मृत रुग्णांपैकी ६५ जणांना शेवटच्या वर्षात असे १२ हून अधिक इनहेलर दिले गेले होते. दम्याविषयी जगभरच्या डॉक्टरांना मार्गदर्शन करणाऱ्या ‘जीना’ या संस्थेने २०१९ पासून केवळ आराम देणाऱ्या औषधावर उपचार करू नयेत, अशी शिफारस केली आहे. २०० फवाऱ्यांचे असे तीन किंवा अधिक पंप वर्षभरात संपत असतील तर दमा ताब्यात नाही, असे समजून डॉक्टरांकडे जावे.

भारतात हे आणखी जिव्हाळ्याचे आहे. जगातील दम्याच्या रुग्णांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत, तर दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक भारतात होतात. दम्याची मूळ औषधे जुनी आणि सर्वत्र मिळणारी आहेत. साल्ब्युटामॉल आणि ब्युडेसोनाइड राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहेत. तरीही ही तफावत आहे, कारण स्टेरॉइडचा इनहेलर सुरूच होत नाही, मध्येच सुटतो किंवा घेतला तरी आत पोहोचत नाही.

स्टेरॉइड या शब्दाची भीतीही त्यामागे असते. इनहेलरमधला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो. त्याचा नेहमी दिसणारा त्रास म्हणजे आवाज बसणे आणि तोंडात पांढरी बुरशी येणे. औषध घेतल्यावर खळखळून चूळ भरून पाणी थुंकले की तो बराच टळतो. बरे वाटले म्हणून हा इनहेलर आपल्या मनाने बंद करू नये.

फुस्स आवाज म्हणजे औषध नव्हे

पंपातील औषध संपले तरी वायू शिल्लक राहतो आणि दाबले की आवाज येतो. रिकामा पंप म्हणूनच फसवतो. डोस मोजणारा आकडा असेल तर तो पाहावा. नसेल तर १२० फवाऱ्यांचा पंप रोज चार फवाऱ्यांनी तीस दिवसांत संपतो, एवढा हिशेब करून सुरू केल्याची तारीख पंपावरच लिहावी. डबी पाण्यात टाकून तरंगते का पाहण्याची जुनी युक्ती भरवशाची नाही, शिवाय तोंडात पाणी जाते.

विदर्भाच्या उन्हाळ्यात पंप गाडीच्या डिक्कीत, पत्र्याखाली किंवा चुलीजवळ ठेवू नये. डबी दाबाखाली असते, ती भोसकू नये, जाळू नये. कडाक्याच्या थंडीत गार पडली असेल तर थोडा वेळ मुठीत धरावी. पंपाच्या रंगावरूनही औषध ओळखू नये. कंपनीगणिक रंग बदलतात. ‘रोजचा’ आणि ‘त्रास झाला तर’ अशी चिठ्ठी चिकटवलेली बरी.

मळणीच्या दिवसांत नाकातोंडाला रुमाल किंवा मास्क बांधावा, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला उभे राहू नये आणि शेतात जाताना आराम देणारा पंप खिशात असावा. रोजचा इनहेलर मात्र हंगाम सुरू होण्याआधीपासूनच नियमित हवा. धूळ उडू लागल्यावर सुरू केलेले औषध उशिरा कामाला येते.

झटका आला तर रुग्णाला ताठ बसवावे, आडवे करू नये. आराम देणारा पंप स्पेसरमधून एकेक फवारा करून, डॉक्टरांनी सांगून ठेवल्याप्रमाणे द्यावा. एक वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ किंवा नखे निळसर दिसत असतील, रुग्ण गुंगीत जात असेल किंवा फवाऱ्यांनी आलेला आराम टिकत नसेल, तर वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत पंप देणे सुरू ठेवावे.

आणि एक काम अगदी साधे. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना इनहेलर पिशवीत टाकावा आणि डॉक्टर, परिचारिका किंवा औषध दुकानदार यांच्यासमोर तो घेऊन दाखवावा. ‘घेता का?’ या प्रश्नाला सगळेच हो म्हणतात. चूक कळते ती घेताना पाहिल्यावरच. नीट शिकवल्यावरही चार-सहा आठवड्यांत जुन्या सवयी परत येतात, म्हणून हे दरवेळी करावे. गावात आशा सेविकेला आणि घरात एखाद्या शाळकरी मुलाला पद्धत माहीत असली तर रात्रीबेरात्री तीच उपयोगी पडते. मुलाने एवढेच विचारायचे : आजी, हा पंप की पावडर? पंप असेल तर हळू, पावडर असेल तर जोरात.